चित्राच्या पोटातली ओळ

संपादकांनी फोनवर सांगितलं, "रेहानाताई, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण जरा प्रेरणादायी लिहा. दिवाळीचा अंक आहे." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि माझं डोकं तापलं. अपंग हा शब्द आला की धडधाकट माणसांना लगेच प्रेरणा हवी असते. चहाबरोबर बिस्किट हवं तशी. मला या कामात आयुष्यभर ज्याचा राग आला तेच मी लिहिणार आहे. फराळ करताना वाचणाऱ्यांनी पाण्याचा पेला जवळ ठेवावा.

माझं काम आधी सांगते, कारण माझ्या सासरच्या लोकांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. अमरावतीत राजापेठेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत माझं ऑफिस होतं. सेवाभावी संस्थांच्या वेबसाइट सगळ्यांना वापरता येतील अशा दुरुस्त करून द्यायच्या, हा धंदा. सगळ्यांना म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना, ज्यांचा हात माऊस धरू शकत नाही त्यांना. दिसत नसलेला माणूस कॉम्प्युटर कसा वापरतो, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की त्याची पाटी करून दारावर लावायला हवी होती. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम असतो. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते तो मोठ्यानं वाचून दाखवतो. माणूस बाणाचं बटण दाबत एकेक ओळ पुढे जातो आणि ऐकतो. एवढंच आहे. यात चमत्कार काही नाही. फक्त पडद्यावर खरीखुरी अक्षरं असावी लागतात.

माझे अब्बा अकोल्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटी रंगवून झाली की ते ती टांगायचे, रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि तिथून वाचायचे. मालक म्हणायचा, मियाँ, माझं नाव आणखी नक्षीदार करा. अब्बा म्हणायचे, पाटी लावणाऱ्यासाठी नसते, वाचणाऱ्यासाठी असते. कितीक गिऱ्हाइकं त्या एका वाक्यावरून तुटली. मी तेच केलं, फक्त रस्ता ओलांडण्याऐवजी मी मॉनिटर बंद करायची. पडदा काळा करायचा आणि कानांनी साइट चालवून पाहायची. माझीही गिऱ्हाइकं तुटली.

एक संस्था अंधांसाठीच काम करणारी. अध्यक्षांचा हट्ट, साइट उघडली की प्रार्थना वाजली पाहिजे. प्रार्थना सुरू झाली की स्क्रीन रीडरचा आवाज तिच्यात बुडून जायचा आणि ती बंद करायचं बटण कुठं आहे हे ऐकू येईपर्यंत प्रार्थना संपून पुन्हा सुरू व्हायची. मी सांगितलं, साहेब, ही साइट अंधांना सोडून सगळ्यांना वापरता येते. ते म्हणाले, देवाचं नाव कानावर पडलं तर काय बिघडलं? दुसऱ्या एका संस्थेत मदतीचा अर्ज भरायच्या आधी वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र यायचं. ती अक्षरं ओळखून लिहा आणि आपण माणूस आहात हे सिद्ध करा. म्हणजे ज्याला दिसत नाही त्यानं आपण माणूस आहोत हे डोळ्यांनी बघून सिद्ध करायचं. मी त्या संस्थेच्या मिटिंगमध्ये हे वाक्य जसंच्या तसं बोलले तर सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

आणि सगळ्यांत मोठी खोड म्हणजे शिक्का. आपल्याकडे लेटरहेड, सही आणि शिक्का नसलेल्या मजकुरावर कुणी विश्वास ठेवत नाही. त्यामुळे संस्था काय करायच्या? सूचना कागदावर छापायची, सचिवांनी सही करायची, खाली गोल शिक्का मारायचा आणि त्या कागदाचा फोटो साइटवर चढवायचा. डोळेवाल्याला वाटतं, व्वा, पक्कं काम. पण कॉम्प्युटरच्या लेखी ती अक्षरं नसतात, नुसतं चित्र असतं. स्क्रीन रीडर तिथं येतो, 'चित्र' म्हणतो आणि पुढं जातो. शिबिराची तारीख चित्र, मदतीच्या अटी चित्र, फोन नंबरही चित्र. मी कैक संस्थांना समजावलं की शिक्का माणसांसाठी ठेवा, पण मजकूर टाइप करा. उत्तर ठरलेलं, "मग खरं कोण मानेल?"

यावर एक उपाय असतो. साइटवरच्या प्रत्येक चित्राच्या पोटात एक ओळ लिहायची सोय असते. ती पडद्यावर दिसत नाही. फक्त स्क्रीन रीडरला सापडते आणि तो ती वाचून दाखवतो. आमच्या धंद्यात तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. चित्रात काय आहे ते तिथं साध्या शब्दांत लिहायचं, आणि चित्रावर मजकूर छापलेला असेल तर तोही लिहायचा. माझं निम्मं आयुष्य या न दिसणाऱ्या ओळी लिहिण्यात गेलं. त्यातली एकच ओळ सांगण्यासारखी आहे.

ती वर्षं कशी होती हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. पेपर उघडला की तेच, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. मुंबई-दिल्लीहून गाड्या भरून कॅमेरे यायचे, बाभळीखाली उभे राहून कुणीतरी इंग्रजीत बोलायचं आणि गाड्या परत जायच्या. त्यांच्यामागून देणग्या यायच्या आणि देणग्यांमागून संस्था. सगळ्या वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. अकोल्याच्या ज्या संस्थेबद्दल मी लिहितेय तिचं नाव सांगत नाही, पण ती काम करायची. तिचे सचिव, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, स्वतःच्या जीपमध्ये घालून पेशंट दवाखान्यात न्यायचे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल गोड बोलणार नाही.

मुंबईच्या एका कंपनीनं त्यांना देणगी देताना अट घातली की वेबसाइट दिव्यांगांना वापरता आली पाहिजे. म्हणून माझी आठवण झाली. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, काय ते नियमात बसवून द्या." मी म्हटलं, देते, पण तपासायला माझा माणूस दिसत नसलेला पाहिजे. माझं मॉनिटर बंद करणं म्हणजे शेवटी नाटकच, पाहिजे तेव्हा मी तो चालू करू शकते. ते म्हणाले, आमच्याच कॉम्प्युटर क्लासातला एक जण तयार झालाय, त्याला घ्या.

असे गजाननभाऊ माझ्या ऑफिसात आले. भातकुली तालुक्यातले, पस्तिशी ओलांडलेले, कपाशीवर औषध फवारताना डोळे गेलेले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. पंप पाठीवर घेऊन आत शिरलं की फवारा अंगावरच यायचा. तोंडाला बांधायला दुपट्टा, बाकी काही नाही. दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारवा आला होता, वारा उलटला आणि ते वावरातच पडले. जीव वाचला, डोळे गेले. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, म्हणाले, "एकदा सांगतलं की मोकळं. पुन्हा पुन्हा कोणी इचारत नाई."

त्यांचा कान फार तयार होता. स्क्रीन रीडरच्या आवाजाला ते बुवा म्हणायचे. "हा बुवा इथी अडकते, ताई. इथी नुसतं 'बटन' म्हणते, कायचं बटन ते सांगत नाई." मी ते दुरुस्त करायची. मध्येच ते बुवाला शिव्या द्यायचे, मध्येच त्याची नक्कल करायचे. सुट्टीच्या दिवसांत त्यांची मुलगी वैष्णवी सोबत यायची. दहावी झालेली, हुशार, मार्क भरपूर. मी म्हटलं, हिला अमरावतीत कॉलेजात घाला, होस्टेल आहे. गजाननभाऊ म्हणाले, आम्ही सांगून थकलो, ती घर सोडायला तयारच नाही. बाप आंधळा झाला म्हणून राखण करते. इतकी की आंघोळीला गेलं तर आतून कडी लावू देत नाही. कडी लावलीच तर बाहेर उभी राहते आणि म्हणते, बाबा, गाणं म्हणत राहा. "पाय घसरून पडन मी, असं वाटते तिले. म्हून मी आपला भसाड्या आवाजात गाणं म्हनतो अन् आंग धुतो." हे सांगताना ते हसत होते. मीही हसले.

संस्थेच्या पहिल्याच पानावर तीन मोठे फोटो एकामागून एक सरकत यायचे. वर ठळक शीर्षक होतं, मृत्यूच्या दारातून परतलेले. प्रत्येक फोटोवरच मजकूर छापलेला. मी नेहमीच्या रीतीनं एकेका फोटोच्या पोटात ओळ लिहिली. तिसरा फोटो दवाखान्यातला होता. मला त्यात जे दिसलं ते मी लिहिलं, खाली छापलेला मजकूर जोडला आणि तपासायला गजाननभाऊंना बसवलं. फोटोतल्या माणसाचा अर्धा चेहरा पट्टीखाली होता. ते कोण हे ओळखायचं मला काही कारण नव्हतं.

बुवा वाचू लागला. खाटेवर बसलेला माणूस, दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी. शेजारी हिरव्या साडीतली बाई. माणसाच्या खांद्यावर मुलीचा निळा शाळेचा स्वेटर पांघरलेला, त्याच्या खिशावर सूर्याचं चिन्ह. फोटोवर मजकूर असा, 'नापिकीला कंटाळून रामदासनं विष प्राशन केलं. संस्थेनं त्याला जगण्याची दृष्टी दिली.'

गजाननभाऊंनी बाणाचं बटण उलटं दाबलं. बुवानं पुन्हा वाचलं. त्यांनी परत उलटं दाबलं. मी माझ्या टेबलाशी होते, मला वाटलं कुठं काही अडकलंय. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, त्या स्वेटरच्या खिशावर सूर्य हाय काय?"

मी म्हटलं, हो.

"मंग हा रामदास नाई. हा मी हाय."

वॉर्डात त्यांना हुडहुडी भरली होती. फवाऱ्यानं भिजलेला सदरा नर्सनं कापून काढला होता आणि पांघरायला काही नव्हतं. शाळेतून तशीच धावत आलेल्या वैष्णवीनं अंगातला स्वेटर काढून बापाच्या खांद्यावर टाकला. डोळ्यांना पट्टी, पण हात लावून त्यांनी खिशावरचं भरतकाम ओळखलं होतं. तेव्हाच संस्थेच्या कुणीतरी फोटो काढला. बायकोला सांगितलं, औषधांच्या मदतीसाठी लागतो. बायकोनं फवारणीचं सगळं सांगितलं होतं, गावानं सांगितलं होतं, दवाखान्याच्या कागदावर होतं. पण साइटवर विष घेतलेल्या माणसाची जागा रिकामी होती आणि हा फोटो चांगला आला होता. बाईचा चेहरा, पट्टी, खिडकीतून येणारा उजेड. बसवला तिथं. नाव बदललं की झालं.

नाव बदललं, पण स्वेटर कोण बदलणार? त्या चिन्हाची शाळा तालुक्यात एकच. शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला पोरांनी ती साइट उघडली होती. ते आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी ऑफिसात मला आपलं वाटत होतं की माणसाला स्वतःच्या बदनामीचा राग आलाय. मग ते म्हणाले, "ताई, ती कडी लावू देत नाई ना, ते मी पडन म्हून नाई."

मला कळायला एक क्षण लागला. कळल्यावर मी उठून पाणी प्यायले.

पोरगी आंधळ्या बापाची राखण करत नव्हती. बापानं एकदा आपल्याला सोडून जायचं ठरवलं होतं आणि तो पुन्हा ठरवेल, अशी तिची खात्री झाली होती. म्हणून गाणं. गाणं चालू आहे तोवर बाप आहे. म्हणून कॉलेज नाही, होस्टेल नाही, काही नाही.

ते घरी गेले आणि तिला विचारलं. ती म्हणाली, मला माहीत आहे बाबा, शाळेत सगळ्यांनी पाहिलंय, मी तुम्हाला कधी बोलले का? त्यांनी शपथ घेतली. आईनं शपथ घेतली. पोरीनं हो बाबा, बरं बाबा म्हटलं, आजाऱ्याला म्हणतात तसं. आईबाप लपवणारच, आणि संस्थेनं छापलेलं खोटं कसं असेल? दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी ती बाहेर उभीच होती. गजाननभाऊ मला म्हणाले, माझ्या तोंडाला आता किंमत नाही, जिथं लिहिलंय तिथंच खोडलं पाहिजे.

आम्ही दोघं एसटीनं अकोल्याला गेलो. भाऊसाहेबांनी चहा मागवला, आमचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून बोलू लागले. गजाननभाऊ हाताच्या अंतरावर खुर्चीत बसलेले, पण सगळं बोलणं माझ्याशी. त्यांना सांगा, नाव बदललंय. त्यांना सांगा, डोळे झाकलेत, ओळखणार कोण? त्यांना विचारा, दवाखान्यात कोणी नेलं होतं? मी म्हटलं, भाऊसाहेब, यांचे डोळे गेलेत, कान नाही, यांच्याशीच बोला. त्यावर ते थोडे वरमले, पण ऐकेनात. तोच फोटो पुस्तिकेत गेलाय, तोच मुंबईला गेलाय, देणगीदारांनी त्याच फोटोवर पैसे दिलेत. आता फवारणी म्हटलं तर ते विचारतील, आधीचं काय होतं? मी म्हटलं, आधीचं खोटं होतं म्हणून सांगा.

तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं ते मी विसरलेले नाही. "मॅडम, फवारणीत पडलेल्या माणसासाठी कुणाचं मन हलत नाही हो. त्यात गोष्ट नाही."

बघा, हा माणूस चोर नव्हता. एक पैसा त्यानं खाल्ला नाही. त्याची जीप वेळेवर आली नसती तर गजाननभाऊ आज नसते. आणि म्हणूनच मला जास्त राग आला. जीव वाचवला म्हणजे माणूस विकत घेतला काय? त्याचं दुःख आपल्या मापानं कापून शिवायचं आणि वर म्हणायचं, अंगाला बसतंय ना? आयजीच्या जिवावर बायजी उदार, ते हेच. या माणसाचं दुःख कमी पडलं यांना! पाठीवर पंप, फाटका दुपट्टा, डोळे गेले, तरी त्यात गोष्ट नाही! मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. गजाननभाऊंनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "चाला ताई. भाऊसायबाले नमस्कार."

परतीच्या एसटीत मी एवढी धुमसत होते की काम सोडायचंच ठरवलं. मूर्तिजापूर आलं. गजाननभाऊ म्हणाले, ताई, चित्रावरचं ते काढू देत नाहीत, पण चित्राच्या पोटातली ओळ कोण तपासतं? मी म्हटलं, तुम्ही. ते म्हणाले, आणखी? मी म्हटलं, आणखी कोणी नाही. त्या संस्थेत स्क्रीन रीडर लावून आपली साइट कुणी कधी ऐकली नव्हती आणि ऐकणारही नव्हतं. ते म्हणाले, "मंग लिहा."

ते सांगत गेले, मी घरी आल्यावर टाइप केलं. धंद्याचा नियम मी मोडला नाही. चित्रावर काय छापलंय ते मी लिहिलं. पुढं त्यांचं लिहिलं. ती ओळ अशी होती.

'या फोटोवर छापलं आहे की या माणसानं विष घेतलं. ते खरं नाही. मी गजानन. मी विष प्यालो नाही. कपाशीवर औषध फवारताना वारा फिरला आणि माझे डोळे गेले. माझ्या खांद्यावर माझ्या पोरीचा स्वेटर आहे. तो तिनं आपल्या अंगातून काढून मला दिला. तिला सोडून मी कुठं जाणार होतो?'

म्हणजे हिशेब असा झाला. ज्यांना डोळे आहेत ते खोटं वाचणार आणि ज्यांना नाहीत त्यांना खरं ऐकू येणार. हे करताना मला आनंद झाला असं कुणी समजू नये. मला खरं उघड्यावर पाहिजे होतं, शिक्क्यासकट. ते मिळालं नाही.

साइटचा लोकार्पण सोहळा अकोल्याला एका सभागृहात झाला. स्टेजवर मोठा पडदा, मुंबईचे पाहुणे, हार, शाली. गजाननभाऊ वैष्णवीला घेऊन आले होते. तिला काही सांगितलं नव्हतं. आमचा बेत साधा होता. भाऊसाहेब पाहुण्यांना स्क्रीन रीडर वाजवून दाखवणार होते, साइट बोलते कशी. पहिल्या पानावर तिसरा फोटो येणारच, बुवा ती ओळ भर सभेत वाचणारच आणि पोरगी ती सगळ्यांसोबत ऐकणार. मी हातात रुमाल घट्ट धरून बसले होते. बुवा सुरू झाला. मुख्य पान, दुवा. आमच्याविषयी, दुवा. देणगी द्या, बटण. लोक त्या यंत्रासारख्या आवाजाला हसू लागले. पहिला फोटो झाला. दुसरा झाला. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. भाऊसाहेब माइकवर म्हणाले, "बंद करा हो ती कटकट, कल्पना आली सगळ्यांना."

बंद केलं. टाळ्या झाल्या. पडद्यावर तिसरा फोटो तसाच उभा राहिला, अक्षरांसकट, आणि वैष्णवी मान खाली घालून बसली.

तिथं मी रडले असते, पण मला संतापानं रडूही आलं नाही. आवाज ऐकायचा धीर नाही आणि निघाले दिव्यांगांसाठी साइट काढायला! पाहुण्यांनी भाऊसाहेबांना मानपत्र दिलं, भाऊसाहेबांनी मला शाल दिली आणि सगळे जेवायला गेले. जिलेबी होती. लॅपटॉप स्टेजवर तसाच चालू राहिला होता.

मी वैष्णवीला हाक मारली. म्हटलं, बेटा, जरा इकडे ये, एक काम तपासायचं राहिलंय. तिच्या कानाला हेडफोन लावला आणि बाणाचं बटण दाखवलं. बाप खुर्चीची पाठ धरून शेजारी उभा. तिनं बटण दाबलं. मला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी वायरी गुंडाळत बसले. पण तिचं बोट मला दिसत होतं. ते पुन्हा उलटं गेलं, पुन्हा पुढं आलं, पुन्हा उलटं गेलं. बापानं ऑफिसात केलं होतं अगदी तसंच.

हेडफोन काढून तिनं मला विचारलं, "मावशी, हे संस्थेच्या साइटवर हाय?"

"आहे," मी म्हटलं. "पत्ता बघ वर."

मी खोटं बोलले नाही. साइट संस्थेचीच होती. बापानं शपथ घेऊन सांगितलेलं तिला पटलं नव्हतं. भावना नसलेल्या त्या बुवानं सांगितलेलं पटलं, कारण तो तिला बरं वाटावं म्हणून बोलत नव्हता. ती बापाजवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, तुमाले माहीत होतं थो स्वेटर माहा होता?" गजाननभाऊ म्हणाले, माहीत नसायला काय झालं? मग ती इतकी रडली की जेवणाच्या पंगतीतून दोन बाया धावत आल्या. मी त्यांना परत पाठवलं.

ती साइट बरीच वर्षं तशीच चालली. तिचं कौतुक झालं, तिची उदाहरणं दिली गेली, मला एका कार्यशाळेत तीच साइट दाखवून सांगण्यात आलं की काम असं करावं. एवढ्या काळात संस्थेतल्या एकाही माणसानं आपलं पहिलं पान कानांनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ती ओळ त्याच दिवशी काढून टाकली असती. त्यांच्या बेफिकिरीनंच ती वाचली, याचा मला आजही राग येतो. कुणीतरी ऐकून माझ्याशी भांडायला यायला पाहिजे होतं. पुढं साइट नवी केली, तेव्हा दुसऱ्याला काम दिलं, फोटो बदलले, ओळही गेली.

त्या सोहळ्यानंतर काही दिवसांनी सकाळी ऑफिसात गजाननभाऊंचा फोन आला. मला वाटलं, कुठल्या साइटचं काम असेल. म्हणाले, वैष्णवीचा कॉलेजचा फॉर्म भरायचाय, होस्टेलचं कुठं विचारायचं? मी सांगितलं.

"ताई, आज आंघोळीले आतून कडी लावली," ते म्हणाले. "बाहीर कोणी उभं नव्हतं. गाणं म्हनावं नाई लागलं."